माशांचे घरकुल

मासा सपाट, मोकळ्या तळावर फार वेळ रमत नाही. बुडालेले खोड, झाडाची मुळे, पडक्या घाटाची पायरी असा काही आडोसा तो शोधतो, आणि गळ टाकणाऱ्याला हा आडोसा वरून दिसत नाही, हीच या छंदातील सगळ्या दुःखांची सुरुवात आहे. त्यावरचा शास्त्रशुद्ध उपाय असा की, आडोसा शोधत बसण्याऐवजी तो घरीच तयार करावा आणि आपल्याला ठाऊक असलेल्या जागी तळ्यात बुडवावा. लाकूड पाण्यात काही आठवडे राहिले की त्यावर शेवाळ आणि सूक्ष्म जिवांचा बुळबुळीत थर चढतो, त्यावर किड्यांच्या अळ्या आणि गोगलगायी येतात, तो थर खरवडून खायला रोहू येतो, फटींत बारकी पिल्ले लपतात आणि त्या पिल्लांवर डोळा ठेवून मरळ दबा धरून बसते. कटला मात्र वरच्या थरातील तरंगते सूक्ष्म जीव खाणारा असल्यामुळे त्याला आपल्या सुतारकामाचे काडीचेही कौतुक नसते.

हा उद्योग जगात सर्वत्र चालतो. बांगलादेशात फांद्या पाण्यात रचून ‘कठा’ करतात, आफ्रिकेतील बेनिनमध्ये खाडीसरोवरात फांद्या रोवून ‘अकाजा’ उभारतात आणि अमेरिकेत नाताळ आटोपल्यावर घराघरांतील वापरलेली झाडे तळ्यात जातात. तिकडच्या थंड प्रदेशांत तर अशा आडोशासाठी रचलेला लाकडांचा सांगाडा गोठलेल्या तळ्यावर नुसता नेऊन ठेवतात; वसंतात बर्फ वितळला की तो आपोआप तळाशी बसतो. नागपुरात बर्फ गोळेवाल्याकडे मिळतो आणि तोही माणसाचे वजन पेलत नाही. आमच्या हवामानाला सोयीचा मार्ग म्हणजे मे महिन्यात तळे आटले असताना कोरड्या पात्रात सांगाडा उभा करणे. पण मे महिन्यात दुपारी कूलरसमोरून उठून आटलेल्या तळ्यात सुतारकाम करणाऱ्या माणसाला नागपुरात प्रथम डॉक्टरकडे नेतात. त्यामुळे माझे काम श्रावणात सुरू झाले.

नागपूरच्या महाल भागातील आमच्या अंगणात बाभळीच्या फांद्या आरामशीनवरून येऊन पडल्या. चार फूट लांबीचे तुकडे आडवे-उभे एकावर एक रचायचे, कोपऱ्यांत जाड तारेने आवळायचे, मधे बारीक डहाळ्या कोंबायच्या आणि फटी मात्र अशा ठेवायच्या की छोटा मासा आत शिरेल व मोठ्याला निदान डोके घालता येईल. कृती एवढीच आहे. कठीण भाग म्हणजे ती करताना येणाऱ्या-जाणाऱ्यांना उत्तरे देणे. शेजारच्या काकूंना ते कूलरचे स्टँड वाटले, समोरच्या दुकानदाराला संत्र्यांची पेटी वाटली आणि एवढी मोठी पेटी नेमकी कोणाला पाठवायची आहे, हे त्यांनी फार आपुलकीने विचारले. हे माशांसाठी आहे, असे सांगितल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, आपल्या माळ्यावरच्या फळ्या सहा वर्षांपासून ठोकायच्या राहिल्या आहेत. मासे तरी तक्रार करत नव्हते.”

पाण्यात उतरवण्याआधी एक हिशेब करावा लागतो, कारण कोरडे लाकूड बुडत नाही. बाभळीची घनता पाण्याच्या पाऊणपट धरली, तर ६० किलो लाकूड ८० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे २० किलोंची उचल मिळते. आणि दगडाचेही वजन पाण्यात सुमारे ४० टक्क्यांनी घटत असल्यामुळे ही उचल मोडायला निदान ३४ किलो दगड बांधावे लागतात. आर्किमिडीजने हे सगळे टबात बसून शोधले. त्याला दगड उचलावे लागले नव्हते.

सांगाडा साळ्याच्या गावच्या तळ्यापर्यंत नेण्यासाठी ‘छोटा हत्ती’ टेम्पो ठरवला, आणि तो दारात आला नेमका पोळ्याच्या आदल्या दिवशी. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तिच्यासोबत त्या त्या वर्षीच्या पीडांचे बडगे, म्हणजे तसेच पुतळे, निघतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला गाडीवर डहाळ्यांनी भरलेला, तारांनी आवळलेला चौकोनी सांगाडा पाहून महालातील गर्दीचे काय झाले असेल, ते सांगायला नको. “काय हो भाऊ, कायचा बडग्या हाय?” असे एकाने विचारले, मी उत्तर देण्याआधीच दुसऱ्याने “महागाईचा दिसते” असे ठरवून टाकले आणि चौकापर्यंत पोरांनी “घेऊन जा गे मारबत” म्हणत सोबत केली. आपल्या वस्तूला पाण्यात पोचण्यापूर्वीच एवढा लोकाश्रय मिळावा, हे भाग्य थोड्याच सुतारांना लाभते.

तळ्यावर मात्र उत्साह नव्हता. ते मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातले तळे असून मासेमारीचा ठेका गावातील ढिवरांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या, सहकारी संस्थेकडे आहे, आणि संस्थेतील एका वयस्क काकांनी सांगाड्याभोवती एक फेरी मारून मला एकच प्रश्न विचारला, “बाबू, यात जाळं अटकन ना?” गळवाल्याला जो आडोसा देवासारखा वाटतो, तो ओढीचे जाळे टाकणाऱ्याचा वैरी असतो. बांगलादेशात आधी कठ्याला जाळ्याने वेढतात, मग फांद्या बाहेर काढतात आणि त्यानंतर मासे धरतात, ही माहिती मी पुरवली. तेव्हा काकांनी, फांद्या बाहेर काढायला तुम्ही नागपूरहून दर खेपेला येणार काय, असे विचारले. तेवढ्यात साळ्याने काठावरची बेशरमीची झुडपे तोडून सांगाड्यात कोंबण्याची सूचना केली. बेशरमीचा तुकडा ओल्या गाळात पडला की तिथेच फुटतो, हे तिथल्या प्रत्येकाने भोगलेले असल्यामुळे ती सूचना कोणी लिहूनही घेतली नाही. जागेचाही वाद झाला. लाकूड सतत पाण्याखाली राहिले तर फार उशिरा कुजते, कारण कुजवणाऱ्या बुरशीला प्राणवायू लागतो. तेव्हा उन्हाळ्यातही पाणी टिकेल असा खोल डोहच हवा, नाहीतर मे महिन्यात त्यावर शेळ्या चढतील, असे काकांचे म्हणणे पडले.

अखेर काकांनीच मार्ग काढला. डोहाच्या ज्या बाजूला रात्री चोरून जाळे ओढले जाते, तिथे त्यांची माणसे पूर्वीपासून काटेरी फांद्या टाकत आली होती. तिथेच माझाही सांगाडा जावा, संस्थेचे जाळे त्या बाजूला टाकले जात नाही. डोंग्यातून तो उतरवला. हिशेब बरोबर होता. दोन बुडबुडे सोडून सांगाडा तळाशी गेला आणि डोंगा उलटता उलटता राहिला.

पुढे दिवाळीनंतर तिथे रोहू जमू लागला, हे काकांनीच कळवले. मी गळ घेऊन गेलो. मासे आत होते आणि गळही आत जात होता. फक्त तो प्रत्येक वेळी बाभळीत अडकत होता, त्यामुळे आता त्या सांगाड्यात माशांइतकेच माझे गळ वस्तीला आहेत. मात्र एका रात्री चोरांचे जाळे त्यात असे फाटले की ते तिथेच टाकून त्यांना पळावे लागले, आणि संस्थेने बैठकीत दोन ठराव केले: सांगाड्याबद्दल माझे आभार मानावेत, आणि मासे बुजतात म्हणून सांगाड्याच्या परिसरात गळ टाकण्यास सर्वांना मनाई करावी. आणखी चार सांगाडे येत्या पोळ्याच्या आत हवेत, असे साळ्याने फोनवर सांगितले आहे. आरामशीनवाल्याकडे बाभूळ सांगून ठेवली आहे. माळ्याच्या फळ्यांचे माप मात्र सौभाग्यवतींनी स्वतः जाऊन दिले.