नळी पिवळी झाली म्हणजे विष झालं?

"कच्चं दूध नळीत टाकलं तर रंग बदलत नाही, उकळलेलं टाकलं की पिवळा येतो. म्हणजे उकळल्यावर गंधकाचं विष तयार होतं, प्रथिनं मरतात. दूध कच्चंच प्या!" हा व्हिडिओ फिरत फिरत माझ्या मावसबहिणीकडे पोचला आणि तिनं दोन वर्षांच्या पोराचं दूध तापवणंच बंद केलं. आता गप्प बसवत नाही.

व्हिडिओतल्या बाटलीवर डीटीएनबी असं स्वच्छ वाचता येतं. हा एलमनचा अभिकर्मक, म्हणजे रंगावरून एखादी गोष्ट ओळखायचं रसायन. प्रथिनातल्या सिस्टीनवर (हा प्रथिनाचा गंधक असलेला घटक) मोकळा थायॉल गट, म्हणजे गंधक-हायड्रोजनची जोडी, सापडली की डीटीएनबीतून टीएनबी हा पिवळा पदार्थ सुटतो. तो 412 नॅनोमीटरला मोजायचा, झालं. यात विष कुठून आलं? जॉर्ज एलमननं 1959 मध्ये ही पद्धत मांडली तीच मुळी शरीराच्या ऊतींमधले थायॉल मोजायला. व्हिडिओवाल्याच्या यकृताचा तुकडा वाटून टाकला तरी नळी पिवळीच होईल.

मग कच्च्या दुधाला रंग का नाही? दुधातल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनात पाच सिस्टीन असतात. चार आपापसात जोडलेले. पाचवा, 121 व्या जागेवरचा, मोकळा पण प्रथिनाच्या घडीच्या आत दडलेला. सत्तर अंशांच्या वर घडी उलगडते आणि तो उघड्यावर येतो. होता तोच दिसायला लागतो. बेव्हरिज, तोमा आणि नाकाई यांचा 1974 चा 'जर्नल ऑफ फूड सायन्स'मधला लेख काढून बघा: दडलेले थायॉल मोजायला ते यूरिया घालून प्रथिन उलगडतात. आच नाही, उकळी नाही, तरी रंग येतो. (यूरिया म्हटल्यावर आता भेसळीचा नवा मेसेज निघणार, माहीत आहे.) उलट दूध खूप वेळ उकळत ठेवलं तर हवेनं थायॉल ऑक्सिडाइज होतात आणि आकडा खाली येतो. यांच्या हिशेबानं मग बासुंदी अमृतच म्हणायची!

बरं, दूध गढूळ, प्रकाश विखुरणारं. म्हणून नुसत्या दुधाचा आणि नुसत्या अभिकर्मकाचा असे दोन ब्लँक, म्हणजे तुलनेचे नमुने, लावतात, पीएच 8 च्या आसपास राखतात. इथं ब्लँक एकही नाही, रंग मोबाइलच्या कॅमेऱ्यानं ठरवलाय.

आणि "कच्चं" म्हणून ओतलंय ते पिशवीचं! ते पाश्चराइज्ड असतं, साधारण 72 अंशांवर 15 सेकंद. तेवढ्यात ती घडी फारशी उलगडत नाही, म्हणून रंग फिका. म्हणजे यांनी कच्चं दूध तपासलेलंच नाही, आणि लोकांना मात्र कच्चं प्यायला सांगतायत. गोठ्यातल्या कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस येतो, जनावरांचा क्षय येतो. ब्रुसेलोसिसचा ताप आठवडेच्या आठवडे येत-जात राहतो, सांधे धरतात. म्हैस धडधाकट दिसते, धार डोळ्यांसमोर काढलेली असते. जंतूंना त्याचं काय?

"प्रथिनं मरतात" यावर काय बोलायचं? ती जिवंत कधी होती? उलगडलेलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलट पोटातल्या पेप्सिन या पाचकरसाला पचवायला सोपं जातं.

एक गोष्ट मान्य करतो. उकळलेल्या दुधाचा तो वास गंधकाच्या संयुगांचाच असतो, पण ती अगदी किंचित असतात. क जीवनसत्त्वही थोडं घटतं. पण क जीवनसत्त्वासाठी दूध कोण पितं? पोराला पेरू द्या.