गळतीबद्दल कुठे काय बोलावे

मे महिना आहे, आभाळात ढगाचा टिपूस नाही, आणि तरीही सकाळी साडेसातला वरचे काका अंघोळीला बसले की तुमच्या बाथरूमच्या छतातून थेंब पडतो. म्हणजे तुम्ही नशीबवान आहात. सोसायटीत कुठली गोष्ट कुठे बोलायची, हे शिकवायला गळतीसारखा गुरू नाही.

पहिलं पथ्य म्हणजे जिना चढून वर जायचं नाही. गेलात तर काका दार उघडतील, "या, या" म्हणतील, त्यांच्या नहाणीच्या टाइल्सचे सांधे उघडे पडलेत हे दोघांनाही दिसेल, आणि प्लंबर येऊन प्रकरणच मिटवून टाकेल. मग वर्षभर बोलायचं कशावर? लिफ्टमध्ये गाठ पडलीच तर "काय काका, नातू कधी येतोय अमेरिकेहून?" एवढंच विचारावं. तोंडावर कुणाला दुखवू नये. त्यासाठी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे.

तिथे लिहायची वेळ रात्री साडेअकराची. मजकूर असा: "सर्व सभासदांना नम्र विनंती. काही सुशिक्षित म्हणवणाऱ्या सभासदांनी आपलं पाणी आपल्याच घरात ठेवावं. ज्यांना लागू आहे त्यांनी घ्यावं. कुणा एकाला उद्देशून नाही." शेवटी जोडलेले हात, किमान तीन जोड्या. नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही. नाव घेतलं तर एकच माणूस दुखावतो. न घेतल्यास अख्खी इमारत. बी विंगच्या काकूंना हे आपल्या कुंड्यांबद्दल वाटेल, तिसऱ्या मजल्यावरच्यांना एसीच्या पाण्याबद्दल, आणि मध्येच कुणीतरी पार्किंग उकरून काढेल. पहाटे पाचला सुप्रभातचं गुलाबाचं फूल पडून सगळं वर सरकेपर्यंत तुमची गळती कुणाला आठवणारही नाही.

तुम्ही मात्र आपला मेसेज दाबून धरून कुणी कुणी वाचला ते तपासत राहा. २०१४ साली निळ्या खुणा आल्यापासून न बोलणं हेसुद्धा बोलणंच झालं आहे. काकांनी ११.४२ला वाचलं आणि उत्तर दिलं नाही? गुन्हा कबूल! (बिचारे चष्मा शोधत होते, ही शक्यता मनात आणू नका.) मेसेज सर्वांसाठी डिलीट करायची सोय २०१७पासून आहे, ती जपून वापरावी. सगळ्यांचं वाचून झालं की मगच डिलीट करावा, म्हणजे ज्यांनी वाचला नव्हता ते इतरांना फोन करून विचारतात.

खरं बोलायला वेगळा ग्रुप काढावा, चार-पाच जणांचा, काकांना वगळून. तिथे काकांचा स्वभाव, त्यांचं पेन्शन, त्यांच्या सुनेचा आवाज, सगळं मोकळेपणी. इथला मेसेज चुकून मोठ्या ग्रुपवर पडला तर "फोन मुलाच्या हातात होता" असं कळवावं. मूल नसेल तर भाच्याचं नाव घ्यावं.

आता राहिली वार्षिक सर्वसाधारण सभा. ती कायद्याने ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी लागते, म्हणजे थेंबांना घाई नाही. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होईल; तेव्हा अर्ध्या तासानंतरच जावं, वडे गरम असतात. तुमचा विषय ऐनवेळच्या विषयांत, शेवटून पहिला. उभं राहताच आवाज बदलावा. ज्या चेअरमनला काल "अरे बंड्या" म्हणालात ते आज "सन्माननीय अध्यक्ष महोदय". गळती म्हणायचं नाही, "इमारतीच्या आरोग्याचा प्रश्न" म्हणायचं. मग उपविधींची पुस्तिका निघेल. गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी असेल तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, सभासदाच्या नहाणीतलं किंवा संडासातलं असेल तर त्याच्या स्वतःच्या खर्चाने, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. सात मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मे महिन्यात पडलेला थेंब गच्चीतला नव्हे, हे पोरालाही कळेल. तरीही "पाणी कुठूनही येऊ शकतं" असं एक गृहस्थ म्हणतीलच, आणि सगळे माना डोलावतील.

तुम्हीही डोलवा. समोरच्या रांगेत काका बसले आहेत. चारचौघांत त्यांचा अपमान कसा करणार? उलट त्यांनी गणपतीला दिलेल्या देणगीबद्दल दोन शब्द बोला आणि टाळ्या घ्या. इतिवृत्तात नोंद होईल: "इमारतीच्या आरोग्याबाबत सविस्तर चर्चा झाली. विषय उपसमितीकडे सोपवण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर." सूचक, वरचे काका. अनुमोदक, तुम्ही.