सतरावं प्रकरण सगळ्यांनी गाळलं

एकतर चूक माझीच आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत वाचनभिशी आहे. आधी पैशांची भिशी होती, ती एका वर्षी हिशोबावरून मोडली, मग उरलेल्या आठ जणांनी ठरवलं की पैसे नकोत, पुस्तकं चालतील, त्यात कोणी बुडत नाही. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने पुस्तक ठरवायचं, तीन प्रती आणायच्या, त्या महिनाभर घरोघरी फिरणार, आणि शेवटच्या रविवारी सगळ्यांना आपल्या हॉलमध्ये बसवून खायला घालायचं आणि मतं ऐकायची. खायला घालणं सोपं आहे.

मार्चमध्ये माझी चिठ्ठी निघाली. आता मी अकाउंट्सवाली, मार्च म्हणजे माझं डोकं जागेवर नसतं. रात्री साडेअकराला ओटा पुसून झाला की वैचारिक वगैरे काही आत शिरत नाही, त्यामुळे मी आपली फोनचा उजेड कमी करून गुपचूप काहीतरी वाचत असते. ए-४०२ च्या काकूंनी सहज विचारलं, "सध्या काय वाचतेयस गं?" या प्रश्नाचं पुण्यात एक उत्तर कायम तयार ठेवावं लागतं, तसं माझ्याकडेही आहे, एक जाडजूड चरित्र, गेली चार वर्षं पान ३१ वर खूण घालून ठेवलेलं. पण त्या दिवशी रिटर्न भरून भरून जीव गेलेला आणि तोंडातून खरं निघालं. "अमेरिकन कमांडोची लव्हस्टोरी आहे हो काकू, सस्पेन्सपण आहे. मस्त आहे."

"मस्त" म्हणायला नको होतं. लव्हस्टोरी एकवेळ खपली असती.

"मग तेच ठेव की," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जे होतं त्याला सूड म्हणता येणार नाही, पण जवळपास तेच.

पुस्तकाचं नाव मुद्दामच सांगत नाही, सांगून फरकही पडत नाही, कारण या जातीची पुस्तकं एकमेकांची चुलत भावंडं असतात. मिलिटरी रोमँटिक सस्पेन्स. म्हणजे नायक कमांडो, नायिका भलत्याच कशात तरी हुशार, तिच्या हाती नको ती फाइल लागते, मारेकरी मागे लागतात, याला तिच्या रक्षणाला पाठवतात, पहिली शंभर पानं दोघांचं पटत नाही, मग एका निर्जन केबिनमध्ये बर्फ पडतो आणि पटतं. आमचा नायक अमेरिकेच्या नेव्ही सील्सपैकी. हे सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सील म्हणजे करोनात आपली बिल्डिंग केलेली तसं?" म्हटलं नाही हो आई, सी म्हणजे समुद्र, एअर, लँड, तिन्हीकडे लढतात म्हणून सील. "मग घरी कधी असतात?" हा त्यांचा पहिला अभिप्राय. पुस्तक उघडायच्या आधीचा.

दुसरा प्रश्न कव्हरचा. कव्हरवर एक उघडाबंब इसम, गळ्यात त्या लष्करी बिल्ल्यांची साखळी, पोटावर लादीपावासारख्या वड्या, आणि डोकं नाही. म्हणजे हनुवटीपाशी फोटो कापलेला. हे असं का करतात कळत नाही, बहुतेक डोक्याची ज्याने त्याने आपापली सोय करायची असेल. ही प्रत घेऊन मी कर्नलकाकांच्या दारात कशी उभी राहणार? मग रात्री बसून तिन्ही प्रतींना खाकी कव्हरं घातली, मुलाच्या शाळेची लेबलंसुद्धा चिकटवली, त्यावर नाव, इयत्ता, विषय. विषय कोरा ठेवला. नवरा म्हणाला, लष्करी पुस्तकाला खाकीच बरोबर आहे. त्याला या घरात मत विचारलेलं नव्हतं.

महिनाभर मी लिफ्ट टाळून जिन्याने गेले. तरी कोणी ना कोणी गाठायचंच. फिजिओ मुलगी भेटली की फक्त हसायची. बी-३०४ चे काका, खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत ३४ वर्षं काढलेले, ते पार्किंगमध्ये म्हणाले, "वाचतोय," आणि गाडी काढून निघून गेले. पुढे काही नाही. असं अर्धवट "वाचतोय" रात्री झोपू देत नाही माणसाला.

त्या पुस्तकातच सील्सच्या ट्रेनिंगचं वर्णन आहे आणि तेवढं बाकी खरं आहे. कॅलिफोर्नियात कोरोनाडोला असतं, त्यात एक हेल वीक, साडेपाच दिवस थंड पाण्यात, वाळूत, डोक्यावर बोटी घेऊन पळायचं, आणि सगळी मिळून झोप जेमतेम चार तास. ज्याला झेपत नाही त्याने तिथली पितळी घंटा तीनदा वाजवायची की सुटला. मला ते रविवारी संध्याकाळी पाच वाजता आठवलं. तिकडे घंटा वाजवली की माणूस सुटतो. माझ्याकडे बेल वाजली की एकेक जण आत येत होता.

दडपे पोहे केले होते. सुरुवात कर्नलकाकांनी केली. तशी पद्धतच आहे, आणि पुस्तक लष्करी म्हटल्यावर त्यांना कोण थांबवणार. या गावाची हीच पंचाईत आहे बघा. लष्करी अधिकारी घडवणारी प्रबोधिनी एनडीए इथे, सदर्न कमांडचं मुख्यालय इथे, लष्करी इंजिनिअरांपैकी बाँबे सॅपर्स खडकीला, दापोडीला त्यांचं कॉलेज सीएमई. दुसऱ्या कुठल्या शहरात कमांडोची लव्हस्टोरी वाचून लोक लव्हस्टोरीबद्दल बोलत असतील, पुण्यात आधी कमांडोचे कागद तपासले जातात.

काकांनी त्यांची प्रत टीपॉयवर ठेवली. समासात बारीक पेन्सिल. टोक काढून काढून लिहिलेलं असावं इतकं बारीक, आणि प्रत्येक नोंदीखाली पट्टीने रेघ. मी चोरून वाचलं. पान ६३ : 'दोन रात्रींपूर्वी अमावास्या होती. आता पूर्ण चंद्र कुठून?' पान ८८ : 'एका मॅगझिनमधून १९ गोळ्या, वर सांगितल्यात १५. मोजल्या.' पान १०२ : 'पहारा कोणाचा?' पान १०३ : 'पहारा कोणाचा??' आणि पान १४० ला, जिथे बर्फ पडायला लागतो तिथे : 'बूट कधी काढले? नुसत्या नाड्यांना चार मिनिटं.'

"मूळ मुद्दा हुद्द्याचा आहे," काका म्हणाले. "सगळे याला कॅप्टन कॅप्टन करतायत. वय ३१. आर्मीतला कॅप्टन असता तर ठीक होतं. पण नेव्हीतला कॅप्टन म्हणजे आर्मीतला कर्नल. म्हणजे हा पोरगा माझ्या बरोबरीचा?" मग थोडं थांबून, "एकतिसाव्या वर्षी मी मेजर होतो आणि लेहला स्टोव्हला पिन मारत होतो."

यावर कोणी काय बोलणार. मग त्यांनी दाढी घेतली. नायकाला अख्ख्या पुस्तकभर तीन दिवसांची दाढी आहे, पहिल्या पानावर पण तीन दिवसांची आणि चारशेव्या पानावर पण तीनच. आपल्या आर्मीत शीख सोडून दाढी नाही, नेव्हीत परवानगी घेऊन ठेवता येते, पण ठेवायची तर पूर्ण, हे असं खुरटं चालत नाही. मग ओघाने आपल्या नेव्हीचे कमांडो, मार्कोस आले, १९८७ सालचे, काश्मीरात वुलर सरोवराकडे त्यांना अतिरेकी दाढीवाली फौज म्हणायचे, आणि पुढची दहा मिनिटं माझं पुस्तक बाजूलाच राहिलं. खरं सांगते, त्या दहा मिनिटांत मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

फॅक्टरीवाल्या काकांचा आक्षेप एकच होता पण पक्का होता. सायलेन्सर लावला म्हणून बंदुकीचा आवाज जात नाही, वीस-तीस डेसिबल कमी होतो इतकंच, आणि गोळी आवाजापेक्षा जास्त वेगाने गेली तर तिचा कडाका वेगळा वाजतो तो वाजतोच. "इथे शेजारच्या खोलीत तीन माणसं मारली आणि बाई झोपलीये. आपल्याकडे बुलेटवाली पोरं रात्री रस्त्यावरून गेली तर अख्खी विंग उठते."

"दमलेली असेल हो," मी म्हटलं. तेवढंच मी त्या संध्याकाळी साहित्याच्या बाजूने लढले.

मग एकदम शांतता झाली, कारण सगळ्यांना माहीत होतं आता कशाची पाळी आहे.

"ते सतरावं प्रकरण मी गाळलं," ए-४०२ च्या काकू म्हणाल्या.

"मी पण," डॉक्टरमावशी म्हणाल्या. मावशी लष्कराच्या मेडिकल कॉलेजातल्या, एएफएमसीच्या, रिटायर झाल्या तरी आवाज वॉर्डातलाच. "पण सोळाव्यात खांद्यातून गोळी आरपार गेलीये. खांद्यात हाताकडे जाणारी मोठी धमनी असते, नसांचं अख्खं जाळं असतं. सिनेमावाल्यांना वाटतं खांदा म्हणजे उशी. अशा माणसाला सतराव्यात तिला उचलून जिना चढता येणार नाही."

"जिना नंतर आहे, आधी ते टेबल आहे," काकू बोलून गेल्या आणि पोह्यात बघायला लागल्या.

फिजिओ मुलगी म्हणाली तिनेही गाळलं, पण ज्या अँगलमध्ये नायिकेची मान दाखवलीये त्यात तिला दोन आठवडे कॉलर लागेल. कर्नलकाकांनीही गाळलं होतं, त्यांचा प्रश्न बुटांचाच होता. फॅक्टरीवाले काका म्हणाले आपण तर ते पानच उघडलं नाही, मात्र शेकोटीजवळ दारूगोळ्याची बॅग ठेवणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. थोडक्यात काय, प्रकरण एकानेही वाचलं नाही आणि तांत्रिक हरकत नाही असा माणूस खोलीत उरला नाही.

मी? मी दोनदा वाचलंय. पण हे मी तुम्हाला सांगतेय, त्यांना नाही.

सी-१०१ मधली कॉलेजवाली पोरगी सगळ्यात जोरात होती. तिचं म्हणणं नायिका काही करतच नाही, नुसती श्वास रोखते. "मी मोजलं, बावीस वेळा श्वास रोखलाय तिने! आपल्या एनडीएतून मे २०२५ मध्ये पहिल्या सतरा मुली पास आउट झाल्या आणि ही बाई केबिनचं दार उघडायला पण त्याची वाट बघते?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ती बरोबर होती. दार मलाही खटकलं होतं. फक्त रात्री साडेअकराला, दिवसभर सगळी दारं, कुकर, फायली आणि बाटल्यांची झाकणं स्वतः उघडून आल्यावर, दुसरं कोणीतरी दार उघडतंय हे वाचायला काय वाटतं ते तिला वीस वर्षांनी कळेल. हे असं मोठ्याने बोलायची सोय नव्हती.

"आणि शेवट आधीच माहीत असतो," काकूंनी निकाल दिला. "दोघांचं लग्न होणार, दुष्ट मरणार. मग वाचायचं कशाला?"

याला मला फार सुंदर उत्तर सुचलं. आरतीचा शेवटही माहीत असतो काकू, म्हणून कोणी मधेच ताम्हण ठेवून उठतं का. पण सुचलं कधी, तर रात्री कढई घासताना. त्या क्षणी मी फक्त म्हटलं, "पोहे घ्या ना अजून."

एवढ्या वेळात सासूबाई बोलल्या नव्हत्या. त्यांनी टॅबवर अक्षरं मोठी करकरून अख्खं पुस्तक वाचलं होतं, आईंचं इंग्रजी जुन्या अकरावीचं, पक्कं आहे. मला वाटलं आता या वयात ही थेरं वगैरे निघणार. आईंनी दुधाच्या हिशोबाची वही उघडली.

"त्या टीममध्ये सहा जण आहेत," त्या म्हणाल्या. "या पुस्तकात एकाचंच जमलंय. मग बाकीच्या पाचांचं काय?"

मी सांगितलं की आई, ही मालिका असते, प्रत्येक पुस्तकात एकेकाचं जमवतात.

"वाटलंच मला." आणि त्यांनी यादी वाचायला घेतली. एक घटस्फोटित, एक मुलगी आहे त्याला. एक अजिबात बोलत नाही, बहुतेक सगळ्यात चांगला. एक स्वयंपाक करतो, त्याला कोणीही पटकन मिळेल, त्याची काळजी नाही. एक फार हसतो, तो नको. आणि एक गुडघ्याला गोळी लागलेला. समोर खाणाखुणा, वय अंदाजे, उंची. आमच्या नणंदेच्या वेळी याच वहीच्या आजीत स्थळं लिहिलेली मी पाहिलीयेत, अक्षरसुद्धा तेच.

खोलीत जरा हालचाल झाली. डॉक्टरमावशी म्हणाल्या, न बोलणारा मलाही आवडला होता. फिजिओ गुडघेवाल्याच्या बाजूने पडली, म्हणे सहा महिने नीट व्यायाम केला तर तो चालेल. कॉलेजवाल्या पोरीने घटस्फोटिताला पाठिंबा दिला, तत्त्व म्हणून. सगळे एकदम बोलायला लागले आणि त्या गोंधळात मला एकदम धीर आला. मी ए-४०२ च्या काकूंकडे वळून म्हटलं, "मला आवडलं हो, खरंच."

"हो गं, छानच झालेत," काकू म्हणाल्या. "मीठ किंचित वर चाललं असतं."

तिकडे आईंचं पेन गुडघेवाल्याच्या नावावर थांबलं होतं. "काय हो कर्नल, गुडघ्यामुळे याला काढून टाकलं तर पेन्शन बसते का?"

कर्नलकाकांनी बशी खाली ठेवली. "अमेरिकेचं मला माहीत नाही. आपल्याकडे असता तर मेडिकल बोर्ड बसलं असतं. दुखापत सर्व्हिसमुळे झाली की सर्व्हिसमध्ये वाढली, ते बघतात. मग टक्के ठरतात, टक्क्यांवर डिसॅबिलिटी पेन्शन."

आईंनी 'पेन्शन, टक्के विचारणे' असं लिहून खाली रेघ मारली. "आणि घरी कोण कोण असतं त्याच्या?"

काकांनी चष्मा वर सरकवला, खाकी कव्हरातली प्रत परत हातात घेतली आणि पेन्सिलीच्या खुणांमधून पानं उलटत उलटत गुडघेवाल्याची आई शोधायला लागले.