टेक लाइव्ह बसवलं, पण मराठीचं काय?

तुमच्या लेखात टेक लाइव्ह (मजकुराची छपाईसाठी जुळणी करणाऱ्या लाटेक या प्रणालीचा मोफत संच) घरच्या संगणकावर बसवायची कृती छान समजावली आहे, त्याबद्दल मनापासून आभार. पण शेवटी ‘आता मराठीतही लिहा’ एवढ्यावर विषय आटोपला. खरी अडचण तिथेच सुरू होते.

या संचातल्या पीडीएफलाटेक या प्रोग्राममध्ये युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच संगणकीय संकेतपद्धत) देवनागरी फॉन्ट थेट चालत नाहीत. त्याऐवजी संचातलेच झीलाटेक किंवा लुआलाटेक हे प्रोग्राम घ्या. आणि फॉन्टस्पेक या पॅकेजने (जोड-सुविधेने) फॉन्ट निवडताना ‘स्क्रिप्ट’ या पर्यायात देवनागरी लिहाच! तो राहिला की ‘किल्ला’ शब्दातली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते, आणि जोडाक्षरातला ‘ल्’ पाय मोडून सुटा दिसतो. लुआलाटेक असेल तर सोबत ‘रेंडरर’ या पर्यायात हार्फबझ (अक्षरं नीट जोडून मांडणारी प्रणाली) हेही द्यावं लागतं. फॉन्ट हवा तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता फुकट आहे, ठळक वजनांसकट.

टेक लाइव्हचा पूर्ण संच काही जीबींचा आहे. जुना लॅपटॉप असेल तर बसवताना लहान योजना (‘स्कीम’, म्हणजे कमी पॅकेजचा संच) निवडा, लागेल ते पॅकेज नंतर टीएलएमजीआर या टेक लाइव्हच्याच व्यवस्थापक प्रोग्रामने आणता येतं.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. आमच्याकडे मंडळांच्या स्मरणिका अजून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लावल्या जातात. त्या पीडीएफमध्ये एखादं नाव शोधायला गेलं तर सापडत नाही, मजकूर कॉपी केला तर नुसती इंग्रजी अक्षरं येतात. ज्या गावात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे हे फार खटकतं. पुढच्या भागात स्मरणिकेचा दोन रकान्यांचा तयार नमुना द्याल का? मंडळाच्या मुलांना तोच हातात देईन.