चाळिशी भिंगात, आणि लेसर पारपटलावर!

"लेसर करून टाका, चष्म्याची कटकट कायमची मिटेल." पंचेचाळिशीच्या माणसाला हे वाक्य कुणी बेधडक ऐकवलं की डोकं फिरतं. कायमची? कुठल्या चष्म्याची, लांबच्या की जवळच्या? लांबचा चष्मा जाईल आणि त्याच्या जागी जवळचा येऊन बसेल, एवढं एक वाक्य पुढे जोडायला जीभ का जड होते?

मुळात चाळिशी म्हणजे काय, वयाबरोबर जवळचं का दिसेनासं होतं, हेच कुणी धड सांगत नाही. डोळ्याच्या अगदी पुढे पारदर्शक पारपटल, बाहुलीच्या मागे नेत्रभिंग. लांबून नजर जवळ आणली की भिंगाभोवतीचा स्नायू आवळतो आणि भिंग फुगतं. दहा वर्षांच्या मुलाचं भिंग १२ डायऑप्टरच्या वर जोर काढतं (डायऑप्टर हे भिंगाच्या ताकदीचं एकक, चष्म्याचा नंबरही त्यातच मोजतात). चाळिशीत उरतात साधारण ५ ते ६, आणि साठीत १ सुद्धा धड नाही. ४० सेंटीमीटरवरचं पुस्तक वाचायला लागतात २.५, आणि त्यातही गोम अशी की असलेल्या ताकदीच्या निम्मीच सतत वापरता येते. त्याहून जास्त ओढली की कपाळ ठणकतं, अक्षरं पळतात. म्हणून पंचेचाळिशीत ४ डायऑप्टर शिल्लक असूनही संध्याकाळपर्यंत वाचन जमेनासं होतं. स्नायू बिचारा ठणठणीत असतो, कडक होतं ते भिंग. त्यामुळे ते 'डोळे गोल फिरवा, चष्मा पळवा' छाप व्यायाम बंद करा. बुबुळं गरागरा फिरवून कडक झालेलं भिंग मऊ होत नसतं. आणि चष्मा लावल्याने नंबर वाढतो हेही खोटं. नंबर वाढतो तो वयाने, चष्मा लावा नाहीतर ट्रंकेत ठेवा.

आता लेसर कुठे चालतो? पारपटलावर. १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर पारपटलाचा थर झिजवतो. ६ मिलिमीटरच्या गोलात एका डायऑप्टरला ढोबळमानाने १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मायनस ५ नंबर घालवायचा तर ६० मायक्रॉन गेले. पारपटलाची सरासरी जाडी ५४० च्या आसपास, त्यातून लेसरआधी कापून वर उचललेली पातळ चकती (अशा ऑपरेशनला लेसिक म्हणतात) ११० धरा, खाली उरले ३७०. हा उरलेला थर २५० च्या खाली जाता कामा नये, जपून काम करणारे ३०० च्या खाली जात नाहीत, कारण पातळ झालेलं पारपटल पुढे फुगत जातं आणि मग चष्म्यानेही धड दिसत नाही. हिशेब चोख आहे, तंत्र उत्तम आहे. पण या सगळ्यात भिंगाला कुणी हात लावला का? नाही!

खरी चीड येते ती मायनसवाल्यांच्या बाबतीत. ज्याचा नंबर मायनस २.५ आहे तो अठ्ठेचाळिशीत चष्मा काढून ४० सेंटीमीटरवरचं पुस्तक आरामात वाचतो. निसर्गाने वाचायचा चष्मा डोळ्यातच बसवून दिलाय. त्याचा नंबर लेसरने शून्यावर आणला की रस्त्यावरच्या पाट्या छान दिसतील, आणि ताटातला माशाचा काटा, औषधाच्या बाटलीवरची तारीख, फोनवरचा निरोप या सगळ्यासाठी चष्मा शोधावा लागेल. दिवसातले आठ तास जवळचं काम करणाऱ्याला हा सौदा आधी समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मिळत नाहीत!

पंचविशीतल्या माणसाचं गणित वेगळं, तिथे आमचं भांडण नाही. वर्षभरात नंबर अर्ध्या डायऑप्टरहून जास्त हललेला नसावा, मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तपासणीच्या निदान दोन आठवडे आधी बंद, कडक असतील तर त्याहून अधिक, पारपटलाचा नकाशा काढलेला, अश्रूंची चाचणी झालेली. ही शेवटची चाचणी उरकून टाकतात आणि मग सहा महिने डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं म्हणून लोक रडत येतात. लेसिकमध्ये पारपटलाच्या नसा कापल्या जातात, कोरडेपणा येणारच. आधीच कोरडा असलेला डोळा त्यात पार भाजून निघतो.

मग म्हणतात, एक डोळा लांबचा ठेवू, एक जवळचा. मोनोव्हिजन. कल्पना वाईट नाही, घाई वाईट आहे. प्रमुख डोळा लांबच्यासाठी, दुसरा मायनस १.२५ ते १.७५ वर सोडतात. काहींचा मेंदू आठ दिवसांत जुळवून घेतो, काहींचा जन्मात नाही. हे कळायचा सोपा उपाय म्हणजे तशाच नंबरच्या कॉन्टॅक्ट लेन्स आठवडाभर लावून बघणं: जिना उतरा, सुई ओवा, रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांत गाडी चालवा (आधी कुणाला तरी शेजारी बसवून). लेन्स न जमली तर काढून फेकता येते. झिजवलेलं पारपटल परत चिकटवता येत नाही. आणि पंचेचाळिशीत पुरलेला १.२५ चा फरक अठ्ठावन्नाव्या वर्षी पुरत नाही, वाचायला चष्मा परत येतोच. हेही गिळून टाकलं जातं.

जवळचं दिसावं म्हणून पारपटलात बारीक चकती बसवायचा प्रयोगही होऊन गेला. रेनड्रॉप नावाच्या चकतीला अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक एफडीएने २०१६ मध्ये मान्यता दिली आणि २०१८ मध्ये ती परत मागवावी लागली, पारपटल धुरकट होत होतं म्हणून. 'अगदी नवीन आलंय' हे ऐकून हुरळणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. थेंबांचंही तसंच. पिलोकार्पिन १.२५ टक्के, २०२१ ची मान्यता, बाहुली आकसते आणि कागदाला सुईने भोक पाडून बघितल्यासारखं काही तास जवळचं दिसतं. पण अंधारात सगळं मिट्ट, भुवईत ठणका, आणि जबर मायनसवाल्यांनी दृष्टिपटल (डोळ्याच्या मागचा पडदा) तपासून घेतल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

भिंगच बदललं तर? इथे निदान बिघाड जिथे आहे तिथेच हात घातला जातो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर हा विचार अगदी रास्त. पण स्वच्छ भिंग बेचाळिशीत काढून त्रिकेंद्री भिंग बसवायचं म्हणजे शिल्लक असलेली सगळी नैसर्गिक ताकद एका दिवसात गमावणं. येणारा प्रकाश तीन अंतरांत वाटला जातो, म्हणून रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि मंद उजेडात करड्यावरचं करडं ओळखू येत नाही. जबर मायनस असलेल्या तरुण डोळ्यात दृष्टिपटल सुटायचा धोका वाढतो. हे सगळं संमतीच्या कागदावर असतं हो, आठव्या पानावर, चाळिशी लागलेल्या माणसाला वाचता येणार नाही एवढ्या बारीक टायपात!

म्हणून चष्मावाले सुटले असं समजू नका. तिकडेही आनंदच आहे. वय विचारायचं, तक्त्यात बघायचं, प्लस २.५० हातात ठेवायचा. तुम्ही नेमकं किती अंतरावर काम करता हे विचारणार कोण? शिल्लक ताकद संपलेल्या डोळ्याला प्लस २.५० ने ४० सेंटीमीटरवर दिसतं, ६५ सेंटीमीटरवरच्या पडद्याला १.५० लागतो. वाचायचा चष्मा घालून माणूस पडद्याकडे झुकतो, मान दुखते, आणि मग त्याला निळा प्रकाश अडवणारी काच विकतात. त्या काचेने डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) दिसलेलं नाही. त्यापेक्षा टेप घ्या, डोळ्यापासून पुस्तक, पडदा, शिलाई मशीन जे काही असेल त्याचं अंतर मोजा आणि तो आकडा तपासणीला घेऊन जा. तयार चष्म्यात दोन्ही काचा सारख्याच नंबरच्या, सिलिंडर (तिरका नंबर) नाही, बाहुल्यांमधलं अंतर ठोकळ्याने धरलेलं. दोन डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर पाच-दहा मिनिटांच्या वाचनाला चालतो, दिवसभराच्या कामाला नाही.

प्रोग्रेसिव्हबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतोच. या काचेत वर लांबचं, खाली जवळचं आणि मधे एक अरुंद पट्टी असते. कडेला दिसणं हेलकावतं, तो दोष नाही, ती भूमिती आहे: मधली पट्टी जितकी आखूड आणि जवळचा नंबर जितका जास्त, तितकी कड जास्त वाकडी. दोष असतो मापात. बाहुल्यांचं अंतर दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं, आणि बाहुलीची उंची, ही दोन मापं निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवून मगच घ्यायची असतात. उंची अंदाजपंचे टाकली की दोन मिलिमीटरने सगळं बोंबलतं. काच तयार होऊन आली की तिच्यावरच्या पांढऱ्या खुणा पुसायच्या आधी चष्मा घाला आणि फुली बाहुलीच्या मध्यावर येते का ते बघायला सांगा. पुसल्यावर भांडण्यात अर्थ नाही, असं वाटेल, पण आहे: काच उजेडात तिरकी धरली की ३४ मिलिमीटर अंतरावर दोन कोरीव बारीक खुणा दिसतात आणि कानाकडच्या खुणेखाली जवळचा नंबर कोरलेला असतो. त्यावरून मूळ फुली परत आखता येते. वाचायला हनुवटी वर करावी लागत असेल तर काच खाली बसली आहे. नाकाच्या गाद्या आत घेऊन फ्रेम वर उचलली तर बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. लांबचं बघायला मान खाली घालावी लागत असेल तर उलटं. "सवय होईल" हे उत्तर मापं परत तपासल्यावरच ऐकून घ्यायचं, त्याआधी नाही.

आणि एवढं ऐकूनही लेसरच करायचा असेल तर खुशाल करा, फक्त ऑपरेशनच्या आधीची पारपटलाच्या गोलाईची मापं आणि जुना नंबर लिहिलेला कागद मागून घ्या. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाची ताकद काढताना नेहमीचं सूत्र न बदललेलं पारपटल गृहीत धरतं. मायनस नंबर घालवलेल्या डोळ्यात ते चुकतं आणि माणूस प्लस नंबर घेऊन बाहेर येतो. जुनी मापं हाताशी असली की ती चूक बरीच आवरता येते. वीस वर्षांनी ती फाईल कुणाकडेही सापडत नाही. तुमच्या कपाटात असली तरच असते.