जुन्या आजाराची फाईल लपवू नका

गुरुवारी मावशी काकांना घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे गेली आणि दोन वर्षांपूर्वीच्या अँजिओग्राफीची फाईल मुद्दाम कपाटात ठेवून गेली. का, असं विचारलं तर तिने मोबाईल पुढे केला. भिशीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘आयुष्मान कार्डासाठी शेवटचे दोन दिवस. लिंकवर फॉर्म भरा, फी 350 रुपये. जुना आजार सांगितला तर कार्ड मिळत नाही. पाच लाख थेट खात्यात. कार्ड नसेल तर उपचार नाहीत.’

आधी जुन्या आजाराचं बोलते. बाकीच्या थापांनी पैसे जातील, हिने माणूस जाईल.

हे कार्ड आयुष्मान भारत या मोफत उपचारांच्या सरकारी योजनेचं. ही योजना राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण चालवतं आणि त्यांचा नियम स्वच्छ आहे: आधीपासून असलेला आजारही पहिल्या दिवसापासून योजनेत धरला जातो. खासगी विम्यात जुन्या आजारासाठी थांबावं लागतं, ती अट कुणीतरी उचलून इथे चिकटवली आहे. उलट फाईल लागतेच. अँजिओप्लास्टीसारख्या उपचारासाठी रुग्णालय रिपोर्ट जोडून योजनेकडे आधी मंजुरी मागतं. कागद अपुरे असले की क्वेरी, म्हणजे उलट विचारणा, येते आणि दिवस जातात. मंजुरीचंही बाजूला ठेवा. काका रक्त पातळ करायची गोळी घेतात, हे त्या दिवशी डॉक्टरांना कळलंच नाही. हे ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

शेवटची तारीख वगैरे काही नाही. 23 सप्टेंबर 2018 पासून योजना चालू आहे. यादीत नाव आहे का पाहायचं आणि आधारवरून ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, करायची, तीही सरकारी पोर्टलवर किंवा आयुष्मान ॲपवर. कार्ड मोफत आहे. काका तर 72 वर्षांचे. 70 पूर्ण झालेल्यांना 29 ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अटही नाही. पाच लाख ही अख्ख्या कुटुंबाची वर्षाची कमाल मर्यादा आहे. पैसे रुग्णालयाला मिळतात, तुमच्या खात्यात एक रुपयाही येत नाही.

‘कार्ड नसेल तर’ यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. कार्ड आधीच काढलेलं असलं तर ऐनवेळची धावपळ वाचते. शिवाय ही सोय फक्त योजनेतल्या रुग्णालयात आणि दाखल झाल्यावरच. नुसती ओपीडीत तपासणी असेल तर नाही. पण हातात कार्ड नाही म्हणून दारातून परत फिरू नका. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना योजनेसाठी मदत करणारा माणूस, बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार त्याच्यासमोर ठेवा, पात्रता तो तिथेच पाहतो. शंका असेल तर योजनेच्या हेल्पलाइनला, 14555 वर, फोन करा.

मावशीने 350 रुपये भरलेत, ओटीपीही सांगून बसली आहे. काल बँकेला कळवलं, सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. उद्या सकाळी काकांना परत दाखवायचंय. फाईल माझ्या पिशवीत आहे, गोळ्यांच्या चिठ्ठीसकट.