मामा, दोर उलटा!

जमिनीवर उभं राहून क्विकड्रॉमध्ये दोर अडकवायला मला एक सेकंद लागतो. ही बढाई नाही, भाचीनं घड्याळ लावून मोजलंय. क्विकड्रॉ म्हणजे कातळ चढताना वापरायची छोटी पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना कॅराबिनर, म्हणजे स्प्रिंगनं मिटणारं दार (गेट) असलेली धातूची कडी. एक कडी कातळातल्या बोल्टला, दुसरीत दोर. खिडकीच्या गजाला क्विकड्रॉ टांगून पंधरा दिवस मी येता-जाता 'खट्ट' करत होतो. डावा हात, उजवा हात, गेट इकडे, गेट तिकडे. फोनवर बोलताना खट्ट, दात घासताना खट्ट. घरचे आधी हसले, मग चिडले, मग दुसऱ्या खोलीत बसू लागले.

तोच क्विकड्रॉ सहा मीटर उंचीवर टांगा आणि एका हातानं कातळाला लोंबकळत मला दोर अडकवायला सांगा. कॅराबिनर मान फिरवतो, दोर बोटांतून निसटतो, गेट अंगठ्याला चावतं आणि डावा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा थडथडू लागतो.

टॉप रोपवर मी सुखी होतो. दोर वरून आलेला, पडलो तरी वीतभर. लीडमध्ये मात्र दोर आपणच खालून वर न्यायचा, वाटेतल्या एकेका बोल्टला क्विकड्रॉ लावून त्यात अडकवायचा, म्हणजे क्लिप करायचा. शेवटच्या क्लिपच्या जितकं वर, पडलात की तितकंच तिच्या खाली. दोराचा ताण आणि बिले करणाऱ्यानं, म्हणजे खाली उभं राहून दोर सांभाळणाऱ्यानं, सोडलेला ढील वेगळा. माझं बिले भाची करते. तिनंच मला या नादाला लावलं, त्यामुळे ओरडण्याचा हक्कही तिचाच.

पहिली ओरड बॅकक्लिपची. दोर कातळाच्या बाजूनं कॅराबिनरमध्ये शिरून आपल्याकडे बाहेर यायला हवा. मी नेमका उलटा घालायचो. दिसायला दोन्ही सारखंच, अडकलेला दोर तो अडकलेलाच, असं माझं भाबडं मत होतं. पण पडताना उलटा दोर गेटवर आडवा येऊन त्याला दाबू शकतो आणि आला तसा निघून जाऊ शकतो. गेटचं तोंडही आपण ज्या बाजूला चढणार त्याच्या विरुद्ध हवं, कारण तेच. कॅराबिनरच्या अंगावर आकडे कोरलेले असतात: गेट बंद असताना किमान 20 किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोन टनांचा भार, गेट उघडं असेल तर बऱ्याच वेळा जेमतेम 7. चढण्याआधी मी हे आकडे स्तोत्रासारखे वाचतो. धातूवर माझा पूर्ण विश्वास आहे, शंका आहे ती मधल्या माणसाबद्दल.

पण खरी बेअब्रू झेड-क्लिपनं केली. दुसरा आणि तिसरा बोल्ट अगदी जवळजवळ होते. मी घाईघाईनं खाली हात घातला, हाताला लागेल तो दोर खेचला आणि वर अडकवला. खट्ट! पहिल्या फटक्यात! अभिमानानं एक पाऊल वर टाकलं, आणि कुणीतरी कमरेला धरून मागे ओढलं.

"ढील दे!" मी ओरडलो.

"दिलाय!"

"अजून दे!"

"मामा, इथे माझ्या पायाशी ढीग पडलाय!"

मी आणखी जोर लावला. दोर ढिम्म. आजकालच्या मुलांचं लक्षच नसतं, यावर माझं छोटंसं भाषणही झालं. मग खाली पाहिलं. मी कमरेच्या पट्ट्याच्या, म्हणजे हार्नेसच्या, गाठीपासून वर आलेला दोर न घेता खालच्या क्लिपच्याही खालचा उचलला होता. तो वर जाऊन परत खाली येऊन पुन्हा माझ्याकडे, असा पूर्ण झेड! पुढे जायला दोर मिळत नव्हता, आणि ज्या वरच्या क्लिपवर मी मिरवत होतो ती मला धरतच नव्हती. दोरानं मामाला मामा बनवलं होतं. वरची क्लिप सोडून पुन्हा घातली. या वेळी गाठीपासून हात दोरावरून सरकवत वर नेला. आता रोज तसाच सरकवतो, जपमाळ ओढल्यासारखा.

घाबरट माणसाचा आणखी एक लाडका गुन्हा म्हणजे क्लिप लांबूनच घालणं. वरचा बोल्ट दिसला की मी हात ताणायचो. लवकर अडकवलं की लवकर सुटका! भाचीनं एकदा खडूनं हिशोबच मांडला. दुसरा बोल्ट चार मीटरवर, तिसरा सहावर. कंबर साडेचारवर असताना तिसऱ्याकडे हात पुरवायला दुसऱ्या क्लिपच्या पुढे साडेतीन मीटर दोर लागतो. त्याच क्षणी सुटलास तर कंबर अर्ध्या मीटरवर येते.

"आणि पाय?" मी विचारलं.

"तेच तर!" ती म्हणाली.

बोल्ट कंबरेशी आल्यावर क्लिप केली तर दुसऱ्या क्लिपच्या पुढचा दोर दोनच मीटर, पडून कंबरही दोन मीटरवर. म्हणजे भीती वाटते म्हणून जे करायचं, त्यानंच भीती खरी ठरते. असला हिशोब पोटात गोळा असताना पटत नाही.

एवढा दोर एका हाताला ओढवत नाही, म्हणून थोडा ओढून दातांत धरायचा आणि पुन्हा ओढायचा. शरण जाताना दाती तृण धरतात, मी दाती दोर धरतो. एवढंच, की त्या वेळी "धर!" असं ओरडता येत नाही, आणि ओरडलं तर दोर सुटतो. नाही ओरडलं आणि पडलं, तर दात सुटतात.

परवा मात्र सगळं जमलं. चार बोल्ट, चार क्लिपा, सगळ्या कंबरेशी, दोर सरळ, पायामागे अडकलेला नाही. पाचव्याकडे निघालो आणि घामेजलेला हात सटकला. दोन-तीन मीटर खाली येऊन मऊसा झोका बसला. वजनातल्या फरकाचा विषय आम्ही सौजन्यानं कधी काढला नव्हता. तो आता निघाला. भाची उचलली जाऊन पहिल्या बोल्टच्या खाली तरंगत होती.

"कशी वाटली?" मी वरून विचारलं.

तिनं मान वर करून एकेक क्विकड्रॉ पाहिला. "मामा, चारही गेटं तू चाललायस त्याच बाजूला."

"बरं, ते नंतर. मला खाली उतरव."

"थांब," ती पाय हलवत म्हणाली, "आधी मला उतरू दे."